आपलं रान शेवटी

जोतीराम पल्टनीतनं सुटून आला तेव्हा वैशाख भाजून काढत होता. कुंडलपर्यंत मोटार मिळाली, पुढं ट्रंक खांद्यावर आणि पाय ओढत हिंगणवाडीची वाट. मांडीत इटलीतल्या लढाईतल्या तोफगोळ्याचा एक तुकडा डॉक्टरनं तसाच ठेवला होता. ऊन लागलं की तो आतनं चावायचा. पण त्याचं जोतीरामला काही वाटत नव्हतं. वाटेवर भेटेल तो माणूस त्याला थांबवायचा आणि एकच वाक्य ऐकवायचा.

"आबा गेलं आन गाव पोरकं झालं बघ, जोतीराम."

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा त्यानं ट्रंक खाली ठेवून हात जोडले. दुसऱ्यांदाही जोडले. गाव जवळ येईस्तोवर मात्र त्याला ते वाक्य नकोसं झालं. अरे, आबा माझा आजा. बाप प्लेगात गेला तेव्हा त्यानं मला उचलून खांद्यावर घेतलं, मिसरूड फुटेस्तोवर खाली ठेवलं नाही. मी परमुलखात असताना तो गेला, मला त्याचं तोंडसुद्धा दिसलं नाही. पोरका मी झालो का तुम्ही? पण हे तो मनातल्या मनात म्हणाला. पल्टनीत माणूस गप बसायला शिकतो.

वेशीतनं आत आला आणि मारुतीच्या पाराशेजारी थबकला. तिथं दगडचुन्याचा एक नवा कट्टा बांधला होता आणि कट्ट्यावर नांगर उभा होता. पुढचं टोक चुन्यात बसवलेलं, मूठ वर आभाळाकडं. अंगाला शेंदूर फासलेला, वर हळदकुंकवाची पुटं, गळ्यात वाळका हार आणि बारकी घंटा. एक म्हातारी त्याला प्रदक्षिणा घालत होती.

नांगर आबाचा होता. गावात तसला दुसरा नव्हता. बाभळीचं अख्खं खोड तासून आबानं स्वतः केलेला, पुढं लोहाराकडनं घडवून घेतलेला जाड फाळ. एका जोडीला तो हलायचा नाही, चार जोड्या लागायच्या. पण एकदा रानात घुसला की हराळीच्या मुळ्या खालनं उपसून काढायचा. आणि चार जोड्या एका घरी कुठल्या? म्हणून इर्जिक. गावातले बैल एकाच्या बांधावर जमायचे, दिवसभर त्याचं रान उलथून द्यायचे आणि रानमालकानं सगळ्यांना जेवू घालायचं. मुठीवर हात आबाचा. पहिली इर्जिक रांडमुंड बाईच्या रानात, मग ज्याला बैल नाही त्याच्या, मग बाकीच्यांच्या. "आपलं रान शेवटी," आबा म्हणायचा आणि हसायचा. त्या शेवटाआधी कैक वेळा पाऊस गाठायचा. मग आबाचं रान अर्धंमुर्धं राहायचं, आणि ज्या साली गाव भाकरी खायचं त्या साली आबाच्या घरात कण्या शिजायच्या. लहानपणी जोतीराम ताट ढकलून द्यायचा. आबा ते ताट परत पुढं सरकवायचा, पाठीवरनं हात फिरवायचा, आणि पोराचा राग विरघळून जायचा.

"ए गड्या, बूट काढ," पारावरनं कोणीतरी ओरडलं. "आबांचं ठाणं हाय त्ये."

"कुनाचं?"

"आबांचं. आरं, जोतीराम का तू? मग तर तुला कळाय पायजे."

जोतीरामनं बूट काढले. फरशी तापलेली होती. आजाच्या नांगरापुढं तो अनवाणी पायानं चटके खात उभा राहिला आणि हात जोडावेत का नांगराला लाथ मारावी, हेच त्याला कळेना.

घराला कडी होती. तो तसाच रानात गेला. रान म्हणून ओळखू येत नव्हतं, सगळीकडं हराळी माजली होती. मधोमध दोन बायका कुदळी मारत होत्या. एक त्याची आई साळूबाई आणि दुसरी बायको राही. कुदळ वर जायची, खाली यायची आणि टण्णकन उडायची. जमीन दगड झाली होती. दोघींनी उन्हाळाभर खणून जेवढा तुकडा मोकळा केला होता तेवढ्यावर एक खाट टाकली असती तर जागा उरली नसती.

राहीनं पदर सावरला. तिच्या तळव्यांना फडकी बांधली होती आणि फडक्यांतनं रक्त पाझरलं होतं. साळूबाईनं कुदळ टाकली, लेकाच्या गालावरनं हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली, आणि रडायच्या आधी म्हणाली, "पाय का ओढतोस?"

"हाय जरा. आये, ह्ये काय चाललंय?"

"काय चालायचंय. मामंजी गेलं त्या साली आपलं रान राहिलं. मनुबाईच्या रानातली इर्जिक झाली, बांधावर बसलं, कासरा हातात तसाच, आन मान टाकली. मागनं आपला एक बैल लाळ्यानं गेला. एका बैलावर काय नांगरायचं?"

"गाव काय करतंय?"

"पूजा करतंय," साळूबाई म्हणाली. "मेल्या म्हशीला मणभर दूध."

राही हळूच म्हणाली, "आवं, तुमची मनिऑर्डर यायची तवर रेशनच्या मक्यावर निभलं. आता तुमीच आलाय. अवंदा रान पेरलं न्हाई तर खायाचं काय?"

तेवढंच होतं सगळं. पाऊस यायच्या आत रान उलटायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी जोतीराम आबासारखाच घरोघर गेला, इर्जिकीला बैल मागायला. पहिल्यांदा दादासोकडं. दादासो गावातला वजनदार माणूस, नदीकडंला त्याचा ऊस, गोठ्यात बैलांची दावण भरलेली. त्यानं जोतीरामला मिठीच मारली.

"बस, बस. आरं, आबा म्हंजी देवमानूस. माज्या लग्नाच्या मांडवाच्या मेढी त्यांनी सोता रोवल्या व्हत्या."

"दादासो, रान पडलंय. दोन जोड्या द्या."

"त्यांच्यासारखा मानूस व्हनं न्हाई. म्या तर म्हनलं, ह्या मानसाचं नाव राह्यलं पायजे. कट्टा म्या बांधून घेतला."

"बैलांचं काय म्हंता?"

"बैलं उसाच्या सऱ्या पाडाय गुतल्यात रं. आबा असतं तर गोष्ट निराळी." दादासोनं सुपारी कातरली. "बरं, परवा पुन्यतिथी हाय. गव्हाची खीर केलीय गावाला. नारळ तुज्या हातनं फोडायचा. मान तुजा."

तिथनं तो दुसऱ्या दारात गेला, तिथनं तिसऱ्या. एका घरात आबाच्या आठवणीनं म्हाताऱ्याच्या डोळ्यांत खरोखर पाणी आलं. डोळे पुसून तो म्हणाला, माझ्या बैलाचा खांदा सुजलाय. गोठ्यात बैल मजेत रवंथ करत होता. दुसऱ्या घरात म्हणाले, आबांमागं इर्जिकच मोडली, म्होरक्याच राहिला नाही. गावात नाही म्हणायची ही नवीनच तऱ्हा निघाली होती. आधी आबाला देव करायचं, मग दाराला आतनं कडी लावायची. जोतीरामच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ह्यांच्या तोंडी आबाचं नाव आलं की त्याला आता शिवी ऐकल्यासारखं व्हायला लागलं.

शेवटी तो खालच्या आळीला गेला. तिथला गुंडा आबाचा जुना जोडीदार, इर्जिकीला पुढच्या जोडीचा कासरा कायम त्याच्या हाती असायचा. गुंडा मनुबाईच्या रानात होता. खालच्या आळीतली हाडं निघालेली बैलं एकत्र करून त्यानं बाभळीचा एक नवा नांगर जुंपला होता आणि त्या विधवेचं रान उलथून काढत होता. म्हणजे इर्जिक मोडली नव्हती. फक्त वरच्या आळीतनं खाली सरकली होती.

जोतीराम नांगराचा तास संपेपर्यंत बांधावर उभा राहिला. "गुंडाकाका, आमचं रान घ्या."

"घेतो की जोतीबा. घेनारच हाय." गुंडानं बैल थांबवले. "पर शेवटी."

"शेवटी म्हंजी कवा? पाऊस आल्यावर? गेल्या साली बी आयेला हेच बोललासा."

गुंडानं बैलाच्या पाठीवरची माती झाडली.

"आमी काय पाप केलंय गुंडाकाका? आजा माजा, आन माजंच रान शेवटाला?"

"त्ये तसंच हाय," गुंडा म्हणाला आणि बैलांना हाक दिली.

जोतीराम बांधावर थुंकला आणि माघारी वळला. दादासोचा राग येत होता तो निराळा. ह्या माणसाचा आला तो काळीज पोखरणारा होता. हा आबाच्या ताटात जेवला होता.

पुण्यतिथीला सगळा गाव पारापाशी लोटला. काहिलीत खीर रटरटत होती, वास गावभर सुटला होता. बायका एका अंगाला, पुरुष दुसऱ्या. दादासोनं जोतीरामच्या डोक्याला गुलाबी फेटा बांधला, कपाळाला गुलाल लावला आणि आबांनी गावासाठी हाडांची काडं कशी केली ते सांगायला लागला. लोक माना डोलवत होते. राही बायकांत बसली होती, फडकी बांधलेले हात पदराखाली लपवून. जोतीरामला दादासोचं बोलणं ऐकूच येत नव्हतं, त्याला ते हातच दिसत होते.

"आता आबांचा नातू नारळ फोडंल," दादासो म्हणाला.

जोतीरामनं नारळ हातात घेतला आणि खाली ठेवला. "मला नारळ नगो. नांगर पायजे."

लोकांना वाटलं, पोरगा थट्टा करतोय. दादासो हसला. "देवाला कामाला जुंपतोस व्हय?"

"जुंपतो. त्यो जल्मभर कामालाच जुंपला व्हता. तवा न्हाई कुनी त्याला देव म्हनलं."

काहिलीच्या चुलाणापाशी पहार पडली होती. ती उचलून तो बूट न काढताच कट्ट्यावर चढला. पहिला घाव बसला तशी बायकांत किंकाळी उठली. "आरं धरा त्याला," दादासो ओरडला, पण धरायला कोण पुढं होईना. आबाच्या नातवाच्या अंगावर हात कसा टाकायचा? जोतीराम घाव घालत गेला. चुना उडाला, दगड निखळला, मांडीतला तुकडा कळा मारायला लागला. त्यानं पहार टाकली, नांगराला मिठी घातली आणि सगळं बळ लावून तो उपटला.

नांगराला फाळ नव्हता.

चुन्यात गाडलेलं टोक नुसतं लाकडाचं होतं. फाळ बसवायची खोबण रिकामी होती. दोन वर्षं गाव ज्याच्यापुढं नारळ फोडत होतं ते बाभळीचं बोथट लाकूड होतं.

"फाळ कुनी चोरला?" दादासोचा आवाज चिरकला.

मागनं गुंडा उठला. पटका काढून त्यानं हातात धरला. "चोरला न्हाई. म्या काढून घेतला. कट्ट्याचं दगड म्याच वाहिलं, तवाच काढला. लाकूड पुजाय ठिवलं, लोखंड कामाला नेलं. आबांचा फाळ चुन्यात गंजवायचा, मला बघवंना."

"देवाचा फाळ चोरून आपल्या नांगराला लावतोस?" म्हणत दोघंचौघं बाह्या सरसावून त्याच्यावर धावले. जोतीराम कट्ट्यावरनं उडी टाकून मधे उभा राहिला. पहार परत त्याच्या हातात होती. धावणारे थांबले.

मग जोतीराम मागं गुंडाकडं वळला. "फाळ तुमच्याकडं. बैलं तुमी जमवता. आबाचं काम तुमी चालवता. मग आमचंच रान का टाकलं, त्ये सांगा आज."

गुंडाला त्या प्रश्नाचं नवल वाटलेलं दिसलं. "असं काय इचारतोस जोतीबा? आबांचा नेम. आपलं रान शेवटी. फाळ आबांचा, मग आपलं रान म्हंजी आबांचंच की. त्ये आधी कसं घिऊ? लोक म्हनत्याल, गुंड्यानं आबांचा नेम मोडला. म्या तुमचं घर आपलंच धरलं म्हनून तर शेवटी ठिवलं."

माणूस खोटं बोलत नव्हता, हेच वाईट होतं. शिवी द्यावी तर द्यायची कुणाला?

बोलली ती साळूबाई. डोक्यावरचा पदर न ढळू देता ती बायकांतनं उठून पुरुषांच्या मधे आली. सासऱ्याचं नाव निघालं तरी जिनं आजवर मान वर केली नव्हती, ती आता चारचौघांत उभी होती.

"गुंडाभावजी, मामंजी रान शेवटी ठेवायचं. त्यांचं रान व्हतं. त्यांनी आपल्या तोंडातला घास काढून दुसऱ्याला दिला. तुमी कुनाच्या तोंडातला काढला? माज्या. ह्या पोरीच्या." तिनं राहीचा हात धरून ओढला आणि फडकं सोडलं. "ह्ये बघा. दुसऱ्याच्या तोंडातला घास काढून धरम करता, आन नाव मामंजींचं घेता?"

गुंडानं त्या तळव्याकडं बघितलं आणि डोळे खाली केले.

"आन त्यांचं बी सांगते. लय भला मानूस. मला लेकीसारखं वागवलं, कवा आवाज चढवला न्हाई. पर मनुबाईच्या घरात दाना नसायचा तवा इर्जिकीचं जेवान कुठं शिजायचं? माज्या चुलीवर. वरणात डाळ कुनाची? माजी. 'साळू, दे गं तेवढं करून,' म्हनायचं, आन म्या करायची. देऊ का न देऊ, आसं मला एकदा बी इचारलं न्हाई. जित्तेपनी म्या बोलले न्हाई, आज बोलते."

तिनं राहीच्या हाताला फडकं परत गुंडाळलं.

"उद्या तांबडं फुटायला माज्या बांधावर जू पायजेत. ज्याच्या ज्याच्या रानात हा फाळ फिरलाय त्यानं यायचं, वरची आळी न्हाई आन खालची न्हाई. पयलं माजं रान. आन जेवान मिळनार न्हाई. आपापली भाकरी बांधून या."

आता मात्र कुजबुज झाली. इर्जिकीला जेवण नाही? असं कधी कुणी ऐकलं नव्हतं. दादासो घसा साफ करून म्हणाला, "वयनी, इर्जिकीला जेवान घालायची रीत हाय."

"रीत मला शिकवू नगा दादासो. तुमच्या रानातल्या इर्जिकीच्या भाकरी बी म्याच थापल्या व्हत्या, तुमची मंडळी बाळंतपनाला म्हायेरी गेलती तवा."

दादासो काहीतरी बोलणार होता, पण आजूबाजूला दोघंतिघं हसले आणि तो खिरीच्या काहिलीकडं वळला. खीर त्या दिवशी बरीच उरली.

सकाळी जोतीराम अंधारातच रानात जाऊन उभा होता. येतील असं त्याला वाटत नव्हतं. आधी गुंडा आला, नांगर खांद्यावर, पुढं हाडकुळी जोडी. मग मनुबाई आपला एकुलता एक बैल ओढत आली, त्याला साळूबाईच्या बैलाबरोबर जोडी लावली. मग वरच्या आळीतनं एक जोडी आली, ज्याच्या बैलाचा खांदा सुजला होता त्याची. दादासो आला नाही. त्याच्या गड्यानं मात्र दावणीतली चांगली जोडी आणून बांधाला लावली आणि मालकांनी पाठवली का तू आणलीस, असं विचारलं तेव्हा तो जू आवळायला वाकला. एरवी इर्जिक म्हणजे गाणी, चेष्टा, हाकारे. आज नुसत्या बैलांच्या फुरफुरी.

"मूठ तू धर," गुंडा जोतीरामला म्हणाला. "म्या न्हाई धरनार आज."

फाळ जमिनीला लागला आणि आधी नुसता घसरला. जोतीरामनं सगळं अंग मुठीवर टाकलं. बैलांनी माना खाली घातल्या, जुवं करकरली, आणि मग रान फाटलं. हराळीच्या मुळ्या तटातट तुटायला लागल्या, ढेकळं बैलाच्या मुंडक्याएवढी वर यायला लागली. मांडीत आग पेटली होती. तासाच्या शेवटाला वळताना त्याच्या तोंडून बैलांना हाक गेली आणि ती ऐकून तोच दचकला. ती आबाची हाक होती, तसाच शेवटाला लांबवलेला सूर. तेव्हा पहिल्यांदा त्याला रडू आलं. पल्टनीत बातमी कळली तेव्हा आलं नव्हतं, कट्ट्यापुढं आलं नव्हतं. तो रडत होता आणि रडता रडता आबाला शिव्या देत होता, पोरानं थोरल्या माणसाला देऊ नयेत तसल्या, आणि मूठ सोडत नव्हता. पुढं कासरा धरलेला गुंडा ऐकत होता, पण त्यानं मागं वळून बघितलं नाही.

दुपारी बैल सोडले. माणसं बांधाच्या कडंनं बसली आणि आपापली फडकी सोडली. जो तो आपल्या भाकरीत बघून खात होता. साळूबाई घागर घेऊन आली होती, ती एकेकाच्या ओंजळीत पाणी ओतत पुढं सरकत होती. गुंडाच्या पुढ्यात भाकरी तशीच पडली होती.

"वयनी," तो म्हणाला, "आबा असतं तर आज लय समाधान वाटलं असतं त्यांना."

साळूबाईनं घागर खाली टेकवली.

"आबा असतं तर आज बी आपन मनुबाईच्या रानात असतो," ती म्हणाली.

मनुबाई खाली बघून चावत राहिली. जोतीरामला ते लागलं, काळजाला लागलं. आईनं त्याच्या आबाबद्दल असं बोलावं आणि ते खोटं म्हणता येऊ नये. त्यानं गुडघा धरला आणि पाय ताठ करून बसला.

"खावा भावजी," साळूबाई म्हणाली, "अजून निम्मं रान राहिलंय." आणि घागर कमरेवर घेऊन ती पुढच्या माणसाकडं गेली.